आधी आणलेला सण

ता. ४, मंगळवार

प्रिय बुटकीस,
स. न. वि. वि.

हे पत्र वसतिगृहाच्या ऑफिसात मुलींच्या देखत वाचू नकोस. तुझ्या खोलीत जा, दार लाव आणि मग वाच.

काल डॉक्टर तुझ्या दादाला तपासून गेले. जिना उतरताना मधेच थांबले आणि म्हणाले, की औषधं चालू ठेवा, पण सणाची वाट बघू नका. इतकी वर्षं ह्यांच्याकडून सूट शिवून घेणारा माणूस, पण तो माझ्याशी बोलत नव्हता, हातातल्या बॅगेशी बोलत होता. मी वर गेले आणि ह्यांना सांगितलं, डॉक्टर म्हणतात तब्येतीत फरक आहे. फरक आहे हे काही खोटं नव्हतं.

ह्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. दुकानावरच्या खोलीत पडून असतात. औषधाच्या गुंगीत सकाळ कुठली, संध्याकाळ कुठली ते कळत नाही. रात्रीचं जेवण झालं की दाढीला पाणी मागतात. आज मात्र डोळे स्वच्छ उघडून विचारलं, की सण किती लांब आहे. नातीचा फ्रॉक मीच बेतणार, माझ्या कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा दम दिला आणि पुन्हा झोपले.

बुटके, मी ठरवलंय. सण आपण आधीच करायचा. हा रविवार सोडून पुढच्या रविवारी. भिंतीवरचं कॅलेंडर मी आजच कपाटामागे सरकवलं. दुकान सांभाळणाऱ्या कारागिराला सांगून ठेवलंय. लेक नातीला घेऊन येणार आहे, आणि शाळेला अजून सुट्टी नाही, तेव्हा आजोबांसमोर शाळेचा विषय काढायचा नाही असं नातीला बजावलंय. तू ये. केक तूच कर. शाळेत सिस्टरांच्या वर्गात फुगायचा तो तुझाच. माझा नेहमी कुणी वर बसून गेल्यासारखा मधोमध खचलेला.

नाही म्हणू नकोस. हे मला एकटीला पेलणार नाही.

तुझा लोभ आहेच. या खेपेला तो जरा घाईनं पाठव.

तुझी वहिनी


ता. ९, रविवार

प्रिय वहिनीबाईस,
स. न. वि. वि.

पत्र दार लावून वाचलं. मग बराच वेळ दार उघडवेना. मुली बाहेरून हाका मारत होत्या, कुणाची उशी कुणी पळवली म्हणून, आणि मी पलंगावर बसून दादाच्या हातची टाचणी कशी कधी टोचायची नाही ते आठवत होते.

वहिनी होण्याआधी तू माझी बाकावरची शेजारीण होतीस, म्हणून स्पष्ट लिहिते. मला हे पटलेलं नाही. दादाचं दुखणं डॉक्टरांना माहीत, तुला माहीत, कारागिराला माहीत, आठ वर्षांच्या पोरीला माहीत, आणि ज्याचं आहे त्यालाच माहीत नाही, हे बरं नव्हे. पण मी तिथे नाही. जिन्यात तू एकटी उभी होतीस. तेव्हा माझं शहाणपण मी माझ्याजवळ ठेवते.

मला येता येत नाही, वहिनी. मुलींच्या परीक्षा चालू आहेत आणि सणाची सुट्टी लागेपर्यंत वॉर्डननं हलायचं नाही असा नियम. मुख्याध्यापिकांसमोर मी रडले. या वयात. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. रजा नाही दिली.

सोबत केकचा डबा पाठवते आहे. वसतिगृहाच्या भट्टीत केला. मुलींनी विचारलं, आत्ताच का, तर म्हटलं सराव. तू बिस्किटं घरीच कर आणि कृपा करून दर मिनिटाला ओव्हनचं दार उघडून डोकावू नकोस. तुला ती खोड पहिल्यापासून. सोनेरी फीत आहे, ती खिडकीला बांध. शुभेच्छापत्रही आहे. त्यावर खोटी तारीख घालायला हात धजला नाही, म्हणून जागा कोरी सोडली आहे. ती तू घाल किंवा तशीच राहू दे.

दादाला माझा नमस्कार सांग. तुला मिठी, आणि नणंदेच्या हक्कानं एक धपाटाही.

तुझी बुटकी


ता. १७, सोमवार

प्रिय बुटकीस,
स. न. वि. वि.

झाला गं. सण झाला.

बाजारात अजून सणाचं काहीच आलेलं नाही. दिव्यांची माळ मागितली तर दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. शेवटी खाली दुकानात चिंध्यांचं पोतं उपसलं आणि साटिनच्या पट्ट्या कापून आम्ही मायलेकींनी फुलं केली. लाल, निळी, एक कुणाच्या तरी अस्तराची मातकट. तुझी फीत खिडकीला बांधली. शेजारीण पायऱ्या झाडत होती, तिनं विचारलं एवढी घाई कसली. मी म्हटलं, आमच्यात असंच असतं. बिस्किटांची एक बाजू करपली. हो, डोकावले मी.

ह्यांना आदल्या दिवशी उशा लावून बसवलं आणि मांडीवर फळी ठेवली. ह्यांनी फ्रॉक बेतला. हात थरथरत होता, पण कापडावर कात्री टेकली की थरथर थांबायची, मी डोळ्यांनी पाहिलं. वाढत्या अंगाची पोर म्हणून शिवणीत भरपूर माया ठेवली. माझ्यासाठीही निळा पोशाख बेतला, मला न विचारता, माप न घेता, आणि तो नेमका बसला. शिवलं कारागिरानं. फ्रॉकची बटणं मात्र ह्यांनी स्वतः लावली.

काल सकाळी सगळ्यांनी नवे कपडे घातले. नात पलंगाभोवती गिरक्या घेत होती. ह्यांनी तुझ्या केकचा एक तुकडा खाल्ला, खरोखर खाल्ला, आणि म्हणाले बुटकीनं साखरेत हात आखडता घेतलाय. इतक्या दिवसांनी ते हसले. एवढंच विचारलं, की खाली आज इतकं शांत कसं. मी म्हटलं, काम यंदा वेळेआधी उरकलं. त्यावर बरं म्हणाले.

आता काही झालं तरी एवढं तरी माझ्या हातून झालं. रात्री मी खूप दिवसांनी झोपले. तू आमच्यात नव्हतीस ही एकच बोच.

आठवण ठेवतेसच, लिहीतही राहा.

तुझी वहिनी


ता. २३, रविवार

चि. बुटकीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे. तुझी वहिनी अंघोळीला गेली की लिहितो, ती आली की झोपतो. कारागीर पेटीत टाकेल.

केक चांगला होता. साखरेचं मी उगीच बोललो.

आता खरं लिहितो. त्या दिवशी सण नव्हता. मला कसं कळलं असं विचारशील, तर माझा जन्म दुकानात गेला. सण जवळ आला की खाली काय चालतं ते तू फ्रॉकात होतीस तेव्हापासून ऐकलं आहेस. कुणाच्या बाह्या आखूड, कुणाची काजं राहिलेली, कुणी आदल्या संध्याकाळी कापड घेऊन उगवतं आणि सकाळी घालायचंय म्हणतं. बायका जिन्यापर्यंत येऊन माझा उद्धार करतात आणि मी एकेकीला उद्या नक्की म्हणून परत पाठवतो. या खेपेला सण आला आणि एकाही गिऱ्हाइकानं मला खोटारडा म्हटलं नाही. खाली एकच मशीन, तेही सावकाश, वेळ काढल्यासारखं. आधी वाटलं धंदा बसला. मग फ्रॉकला बटण लावता लावता लक्षात आलं, की धंदा जागेवर आहे, सणच यायचा आहे. तो आधी का आणला असेल तेही त्याच वेळी कळलं. सुई बोटात गेली. तुझी वहिनी म्हणाली, जपून.

मी हसलो. काय करणार. तिनं बिस्किटं जाळली होती आणि केसांना साटिनचे धागे चिकटले होते.

बुटके, मला भीती वाटते. मरायची वाटते, पण तिच्याशी न बोलता जायची जास्त वाटते. खूप बोलायचंय. तोंड उघडलं तर तिनं एवढ्या खटपटीनं केलेला दिवस तिच्या हातून हिसकावल्यासारखा होईल. ती रोज विचारते, सण छान झाला ना. मी म्हणतो, असा कधीच झाला नव्हता. मग दोघंही छताकडे बघतो.

तिला सांगू नकोस, तुला माझी शपथ. पण मी काय करू ते सांग. नेहमी मला शिकवायला पुढे असतेस, आता शिकव.

मुलींवर फार ओरडू नकोस.

तुझा दादा


ता. ४, शुक्रवार

प्रिय बुटकीस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र नाही. रागावलीस का?

डॉक्टर चकित आहेत. म्हणतात, मास्तरांचा जीव चिवट आहे. मला आनंद व्हायला हवा, होतोही, पण बुटके, आता खरा सण आठवड्यावर आला आहे आणि मी वेडी व्हायची वेळ आली आहे.

खाली गिऱ्हाइकांची रीघ. मी कारागिराला अर्धं शटर पाडायला लावलं, तर लोक शटर वाजवतात. जिन्याच्या तोंडाशी स्टूल टाकून मी स्वतः बसते आणि ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करते. काल एक बाई म्हणाली, की कोट देत नाही आणि वर बोलूही देत नाही, ही कुठली रीत. रस्त्यावर दिवे लागलेत. खिडकीला मी जाड ब्लँकेट ठोकलंय आणि ह्यांना सांगितलं, गार वारा येतो. गाणी ऐकू आली की म्हणते, शेजारी लग्न आहे. ह्यांनी काल विचारलं, रोज लग्न? मी म्हटलं, मोठं कुटुंब आहे. त्यावर मान हलवली.

अंधाऱ्या खोलीत पडून असतात. मीच तसं केलंय. चोरासारखी माझ्याच घरात वावरते. कुठल्या तोंडानं आता सांगू, की तो सण खोटा होता? सांगितलं तर पुढचा प्रश्न येणारच, की का.

म्हणून हात जोडून लिहिते, सुट्टी लागली तरी येऊ नकोस. तू सणाच्या सुट्टीशिवाय येत नाहीस, तुला पाहिलं की ह्यांना कळेल. तुला ये म्हणून विनवणारी मीच, आणि नको म्हणणारीही मीच. मला माफ कर.

लोभ आटू देऊ नकोस, बाकी सगळं आटलंय.

तुझी वहिनी


ता. ६, रविवार

प्रिय वहिनीबाईस,
स. न. वि. वि.

रागावले नाही. दादाला पत्र लिहायला घेत होते आणि फाडत होते. हो, दादाला. त्यानं मला लिहिलं होतं आणि तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. ती मी आता मोडते आहे. माझा भाऊ अंधारात पडलेला मला चालणार नाही.

वहिनी, त्याला माहीत आहे. त्या रविवारच्या आधीपासूनच माहीत आहे. गिऱ्हाईक भांडायला आलं नाही तेव्हाच त्यानं ओळखलं. सगळं ओळखलं, का ते सुद्धा. तुझ्या आनंदावर विरजण नको म्हणून तो गप्प आहे, आणि त्याला धक्का नको म्हणून तू गप्प आहेस. त्याला तुझ्याशी बोलायचंय. मला लिहितो, की मरणापेक्षा न बोलता जायची भीती जास्त वाटते. हे वाचून मी खाली जेवणघरात गेले आणि मुलींना वाढताना सगळ्यांच्या ताटात मीठ दोनदा वाढलं.

मला शिव्या घाल, हव्या तेवढ्या. पण आधी ते ब्लँकेट काढ.

आणि मी येते आहे. एका मुलीचे वडील तिला शनिवारी न्यायला येतील, ती गेली की रात्रीची गाडी धरते. रविवारी सकाळी दारात असेन. या वेळी मी तुझं ऐकणार नाही.

तोवर धीर धर, दोघंही.

तुझी बुटकी


ता. ११, शुक्रवार

प्रिय बुटकीस,
स. न. वि. वि.

हे पत्र तुला निघायच्या आधी मिळेल की नाही, देव जाणे. तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय हात स्वस्थ बसत नाहीत.

तुझं पत्र परवा आलं तेव्हा मी जिन्यात स्टुलावर होते. तिथेच वाचलं. आधी तुझा राग आला, मग ह्यांचा, मग त्या स्टुलाचा. वर गेले. हे डोळे मिटून पडले होते. ह्यांची खोटी झोप मला लग्नापासून ओळखता येते आणि तरी एवढे दिवस मी ती खरी मानून पांघरूण सारखं करत होते. काही न बोलता ब्लँकेट ओढून काढलं. खिळ्यासकट आलं.

समोरची सगळी गल्ली उजळलेली. ह्यांनी डोळे उघडले, बाहेर बघितलं आणि म्हणाले, यंदाही समोरच्यांनी माळ तिरकी लावली आहे. मग मला रडू फुटलं ते थांबेना. ह्यांनी पलंगावर सरकून मला जागा केली. आम्ही पुष्कळ बोललो. ते सगळं पत्रात लिहिण्यासारखं नाही. ह्यांनी विचारलं, फार दुखेल का. मी म्हटलं, मला माहीत नाही. खरं बोलायची सवय इतकी गेली होती, की तेवढं बोलून मला दम लागला.

शटर पूर्ण उघडलंय. लोक वर येऊन ह्यांना बघून जातात.

आज सण. मी काही केलं नाही, शेजारणीनं ताट पाठवलं. सकाळी ह्यांनी कपाटातला काळा कोट काढायला सांगितला, लग्नातला. लेकीनं आणि मी धरून बसवलं आणि अंगात घातला. आत आणखी एक माणूस मावला असता. ह्यांनी आरसा मागितला, पाहिलं, आणि म्हणाले, अशा मापात मला कुठेही पाठवायचं नाही, लोक म्हणतील शिंप्याला स्वतःचं माप घेता आलं नाही. तेव्हा मला समजलं, कोट कशासाठी ते. लेक बाहेर निघून गेली.

मी म्हटलं, कारागिराकडे देते. नको म्हणाले, तो रडेल आणि काळ्या कापडावर डाग दिसतात. तू घे. मग मला टेप धरायला लावली. छाती, खांदे, पाठ. सैल धरते म्हणून रागावले. मी सैलच धरत होते, बुटके, ह्यांच्या अंगाला ती टेकवायला मला धीर होत नव्हता. शेवटी माझा हात धरून ह्यांनी ती ओढून घट्ट केली आणि आकडा वाचायला लावला. किती आत घ्यायचं ते खडूनं स्वतः आखून दिलं. रेघ एकदम सरळ आली.

आता दुपार आहे. खाली गाणी चाललीत, हे ऐकत पडलेत, मधून मधून टाका मोठा झाला म्हणून टोकतात. खांदे उसवले, त्यासाठी बाह्या काढाव्या लागल्या. बाही बसवणं मला कधी जमलं नाही, सुरकुती राहतेच. ह्यांनी विचारलं, बुटकी कधी येते. रविवारी म्हटलं. म्हणाले, मग बाह्या तिच्यासाठी ठेव, मी समोर बसून बघतो नीट बसवते का.

दोन्ही बाह्या घडी करून उशाशी ठेवल्या आहेत. गाडी चुकवू नकोस.

वाट बघतो आहोत, दोघंही.

तुझी वहिनी