हॅडन जिल्ह्याचे सभासद कुठे झोपतात

तीर्थरूप लव्हिना मामींना अल्माइराचा मनापासून नमस्कार.

आपली तब्येत बरी असेल असे धरून चालते. (धरून चालणे म्हणजे ठाऊक असणे नव्हे, म्हणून विचारतेही: गुडघा कसा आहे? लाल गाय व्याली का?) मी ठीक आहे. मामाही ठीक आहेत. त्यांना खोकला आहे, पण इथे कायदेमंडळाच्या सभागृहात तो सगळ्यांनाच आहे, आणि निम्म्यांचा दुसऱ्याचे भाषण चालू असेपर्यंतच असतो. तुम्ही पाठवलेला सफरचंदाचा मुरंबा मिळाला. बरणीला वाटेत तडा गेला होता, पण मुरंबा सांडला नाही, जरासा सांडला. तुम्ही सावकाश वाचता म्हणून अक्षर मोठे काढले आहे, त्यामुळे पत्र लांब दिसेल. तसे ते लांबही आहे.

या अधिवेशनात मुख्य कारकून स्टिलवेलसाहेबांनी विधेयकांच्या स्वच्छ प्रती काढण्याबरोबर आणखी एक काम माझ्याकडे दिले आहे, ते म्हणजे सभासदांची यादी. ती दर वर्षी छापतात आणि मतदार ती दुकानात, गिरणीत भिंतीला लावतात. त्यात नाव, वय, जन्म कुठला, धंदा कोणता, विवाहित की अविवाहित आणि राहणार कोणत्या जिल्ह्यात, एवढे असते. आजवरचे कारकून जुनी यादी घेत आणि प्रत्येकाच्या वयात एक मिळवत. मला ते बरोबर वाटले नाही (काही जण मध्ये दोन वर्षे पडून परत निवडून येतात), म्हणून मी वही घेऊन प्रत्येकाच्या टेबलाशी जायचे ठरवले. ठरवले नसते तर हे पत्र अर्ध्या पानात संपले असते.

सभासद एकूण अडुसष्ट. त्यांतले एक्केचाळीस शेतकरी निघाले. मतदार शेतकरी, तेव्हा सभासदही शेतकरी असणे बरे, हे मला कळते. पण त्यांतल्या सतरा जणांच्या टेबलावर कायद्याची पुस्तके होती, आणि एकांना मी सहज विचारले की ओट कधी पेरता, तर ते म्हणाले, "यंदा का?" त्यांच्यापुढे मी 'शेतकरी' लिहिले आणि शेजारी एक बारीक टिंब दिले. (टिंबाचा अर्थ यादीत कुठेही दिलेला नाही. ते केवळ माझ्या मनाच्या समाधानासाठी आहे.) कर्नल तेवीस आहेत. साधा शिपाई एकही नाही. मग युद्धात हे सगळे हुकूम कोणाला देत होते, हा प्रश्न यादीत नसल्यामुळे मी विचारला नाही. कर्नल टटल यांना मी "विवाहित की अविवाहित?" असे विचारले तेव्हा ते छताकडे पाहत म्हणाले, "मोकळं सोड की, पोरी." मोकळे सोडता येत नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग 'समितीकडे विचारार्थ' असं लिही." मागच्या तीन रांगा हसल्या. त्यांची बायको मला आदल्याच आठवड्यात कापडाच्या दुकानात भेटली होती, म्हणून मी 'विवाहित' लिहिले. तेव्हापासून ते मला ओळख दाखवीत नाहीत. निवडणुकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच आहेत, हे मला मागाहून कळले.

मग मामांची पाळी आली. मामा टेबलावर पाय टाकून तंबाखू चघळत बसले होते. (पिकदाणीत नेम आता बरोबर बसतो. तुम्हाला काळजी होती म्हणून कळवते.) "आली बघा, आमच्या घराण्यातली पहिली शाळा शिकलेली!" असे ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "विचार बाई, विचार. वय तुझ्या मामीला ठाऊक, धंदा देवाला." मी जिल्हा विचारला. "हॅडन! दुसरा कोणता?" आणि इथे माझी लेखणी थांबली, कारण त्याच सकाळी मोजणीदाराचा नवा नकाशा स्टिलवेलसाहेबांच्या टेबलावर आला होता आणि तो गुंडाळून ठेवताना मी पाहिला होता.

मागच्या हिवाळ्यात हॅडनचा पूर्वेकडचा पट्टा कापून लारकिन नावाचा नवा जिल्हा करायचे विधेयक मंजूर झाले, ते यंदा एक जानेवारीपासून लागू आहे. सीमा ओढ्याकाठच्या मोठ्या ओकच्या झाडापासून सरळ दक्षिणेला. त्या विधेयकाची प्रत मीच काढली होती, एकही खाडाखोड न करता. पण तो मोठा ओक म्हणजे तुम्ही कपडे वाळत घालायची दोरी बांधता तोच, हे लिहिताना माझ्या डोक्यात आले नाही. मी अक्षराकडे पाहत होते. नकाशाप्रमाणे रेघ दोरीच्या बाजूने येते, पुढच्या दारातून घरात शिरते आणि धुराड्यापाशी बाहेर पडते. स्वयंपाकघर हॅडनमध्ये, झोपायची खोली लारकिनमध्ये.

मी हे मामांच्या कानात सांगितले. मामा हसले. "अगं, घर मी बांधलं. रेघ मागाहून आली. मान कोणाचा?"

"पण मामा, त्या विधेयकाला तुम्ही 'हो' म्हणालात."

"म्हणालो. त्यांनी माझ्या पुलाला 'हो' म्हटलं, मी त्यांच्या जिल्ह्याला म्हटलं. वाचायचं कुठं ठरलं होतं?"

शेजारच्या टेबलावरून कोणीतरी म्हणाले, "फिनियस, इथं वाचायची सवय लागली तर कामं कधी उरकायची?"

दोन दिवसांनी चर्चचे डीकन प्रुइट यांचा अर्ज आला. (नकाशा गावातही पोचला असावा. माझ्याकडून नाही, मी शपथेवर सांगेन.) नोव्हेंबरात ते मामांकडून अकरा मतांनी पडले हे तुम्हाला माहीतच आहे. अर्जात म्हटले आहे की फिनियस ट्रोब्रिज हे हॅडनचे रहिवासी नाहीत, सबब त्यांची खुर्ची अर्जदार प्रुइट यांना मिळावी. सभासद आपल्या जिल्ह्यात राहत नसेल तर त्याची जागा जाते, हे खरे आहे. स्टिलवेलसाहेबांनी जुना निर्णय शोधून काढला, त्याप्रमाणे माणूस जिथे झोपतो तिथला रहिवासी. जेवण धरत नाहीत. (जेवण धरले असते तर अर्धे सभागृह कोपऱ्यावरच्या खानावळीचे प्रतिनिधी ठरले असते, असे ते म्हणाले.) येत्या गुरुवारी कर्नल टटल आणि आणखी दोघे घर पाहायला तुमच्याकडे येत आहेत.

चारचौघांत मामा हे हसण्यावारी नेतात. पण काल मी पाहिले, ते एकटेच टेबलाशी बसून ओळीखाली बोट ठेवून तोच कायदा वाचत होते. जेवताना त्यांनी खारवलेले डुकराचे मांस तसेच ठेवले. तीन वर्षे धडपडून आणलेल्या पुलावरचे शेवटचे मतदान अजून व्हायचे आहे. खुर्ची गेली तर पूल राहूनच जाईल. माझी यादी शनिवारी छापायला जाते. सदुसष्ट ओळी पूर्ण आहेत, आणि मामांची एक ओळ जिल्ह्यापाशी अडली आहे.

बाकी सर्व क्षेम. शेजारी सर्वांना नमस्कार आणि गायीला मूठभर ओट माझ्यातर्फे.

आपली आज्ञाधारक भाची,
अल्माइरा

ता.क. मुख्य गोष्ट राहिली. झोपायच्या खोलीतला पलंग गुरुवारच्या आत स्वयंपाकघरात हलवता येईल का? पिठाच्या पिंपाजवळ जागा आहे, मी नकाशावर मोजली. उशी पश्चिमेला असावी. पाय थोडे लारकिनमध्ये गेले तर चालतात की नाही, यावर निर्णय सापडला नाही.

दुसरा ता.क. पलंग नुसता दाखवायला हलवून शुक्रवारी परत नेणे मला बरोबर वाटत नाही, कारण यादीत लिहिणार मी. हलवलात तर अधिवेशन संपेपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत, तिथेच असू द्यावा आणि त्यावर झोपावेही. मामा इथे झोपतात ते मोजत नाहीत (नाहीतर सगळे सभासद राजधानीचेच ठरतील), तेव्हा घराच्या वतीने झोपणाऱ्या एकट्या तुम्हीच.

तिसरा ता.क. नकाशा आत्ता पुन्हा पाहिला. डीकन प्रुइट यांचे घर ओकच्या पूर्वेला पाऊण मैल आहे, खुराड्यासकट सगळे लारकिनमध्ये. म्हणजे मामा गेले तरी ते येऊ शकत नाहीत, खुर्ची नुसती रिकामी राहते. हे स्टिलवेलसाहेबांना सांगणे मला भाग होते. ते म्हणाले, "रिकामी खुर्ची निदान भाषण तरी करत नाही."

चौथा ता.क. हे पत्र मामांना दाखवलेले नाही. आज त्यांनी मला विचारले, "मी इथं असतो हे तुझ्या मामीला आवडतं का गं? कधी काही बोलली का?" मला माहीत नव्हते, आणि माहीत नसलेले मी सांगत नाही. तेव्हा मामी, त्यांनी मार्चपर्यंत इथे राहावे असे वाटत असेल तर पलंग हलवा. घरी यावेत असे वाटत असेल तर आहे तिथेच राहू द्या. तो जड आहे आणि तुमचा गुडघा दुखतो, हे घर पाहायला येणाऱ्या तिघांनाही पटेल. उत्तरात कारण लिहू नका, फक्त पलंग कोणत्या खोलीत आहे एवढे कळवा. मी तेवढेच छापीन.