नळापाशी उभी राहणारी

प्रिय धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद (लायकी न बघता दिलेले). तुझी दाढ काढलीस का? नसशील तर काढून टाक. या वयात जे सुटू पाहतंय त्याला धरून बसू नये. माझी तब्येत बरी आहे. मन बरं नाही, आणि त्याला कारण माझी नात. तू तिचा मामाआजोबा, तेव्हा निम्मं ओझं तुझं.

तिच्या शाळेत खेळाचे नवे सर आले आहेत. गळ्यात शिट्टी, तोंडात मानसशास्त्र. गेल्या सोमवारी तिला आणायला मी जरा लवकर पोहोचले, म्हणून फाटकाच्या गजांतून सगळा तमाशा दिसला. सरांनी भिंतीपासून नळांपर्यंत चुन्याची रेघ ओढली आणि फर्मावलं, की जो स्वतःला सगळ्यांत वेगवान समजतो त्याने भिंतीपाशी उभं राहायचं, सगळ्यांत हळू समजतो त्याने नळापाशी, बाकीच्यांनी मधे आपापली जागा बघायची. भिंतीपाशी ही चेंगराचेंगरी! सर्वांत पुढे एक गोलमटोल मुलगा, ज्याला सगळे चित्ता म्हणतात (हे नाव त्याने स्वतःच ठेवून घेतलंय). आणि आपली नातबाई कोणी काही म्हणायच्या आत नळापाशी. नळ आडवा आला नसता तर रस्त्यावरच येऊन उभी राहिली असती. सरांनी पुढचे चौघे रिलेसाठी टिपले आणि तास संपवला. धावलं कोणीच नाही!

मी आत शिरले. रखवालदार आडवा आला. त्याला जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. सरांना विचारलं, पोरांना पळवून का नाही बघत? म्हणाले, "आजी, मुलांनी आधी स्वतःला ओळखायला हवं." (आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर मुलींना पळूच देत नसत, गुडघे दिसतात म्हणून. पण आम्ही मंद आहोत असं निदान आमच्याच तोंडून वदवून घेत नसत.) मी म्हटलं, मग होऊ दे ओळख, वाजवा शिट्टी. वाजवली. माझा आवाज तुला माहीत आहे.

धाकट्या, ती दुसरी आली! तीही मागे वळून वळून बघत. चित्ता शेवटून तिसरा. मला वाटलं, संपला प्रश्न. पण काल पुन्हा तीच रेघ, तीच रांग. चित्ता भिंतीपाशी (त्या दिवशी म्हणे त्याच्या बुटाची नाडी सुटली होती) आणि ही पुन्हा नळापाशी. वाटेत विचारलं, अगं, दुसरी आली होतीस ना? तर म्हणाली, "आजी, त्या दिवशी सगळे हळू पळाले." नऊ वर्षांची पोर, पण आवाजात ना दुःख, ना तक्रार, बँकेच्या रांगेत कंटाळलेल्या बाईने बोलावं तसं. रडली असती तर समजूत तरी घातली असती. घरी येऊन पोटभर जेवली. ताट तसंच सारून उठले ती मी.

रिलेची पक्की निवड पुढच्या शुक्रवारी, तीही रांग बघूनच. सूनबाई म्हणते, आई, तुम्ही उगाच मनाला लावून घेता, तिला चित्रकला आवडते. नळापाशी उभं राहणाऱ्या सगळ्यांनाच पुढे चित्रकला आवडू लागते.

तुझी,
ताई

ता. क. : सुट्टीत सगळ्यांच्या देखत तू तिच्याबद्दल म्हणाला होतास, "हिला हलवायचं म्हणजे कपाट हलवायचं, चार माणसं लागतात." सगळे हसले, तीही हसली. ते कपाट तिने उचलून थेट शाळेत नेलंय. शुक्रवारच्या आत ये, तिच्याशी शर्यत लाव आणि सपाटून हर. मुद्दाम हरतोयस हे दिसू देऊ नकोस. तशी तुला फार मेहनत पडणार नाही.

ता. क. २ : पाकीट चिकटवण्याआधी तिला सांगितलं, मामाआजोबा शर्यत लावायला येताहेत. म्हणाली, "चालेल. मी हळू पळेन, त्यांना वाईट वाटायला नको." तेव्हापासून पाकीट हातात धरून बसले आहे. असं ती आणखी कोणाकोणासाठी करते, हे विचारायचा मला धीर होत नाही. तेव्हा वरचं रद्द. ये, पण हरू नकोस. जीव खाऊन पळ.