डावऱ्या हाताचं धनुष्य

आई, तुझं ते धनुष्य मी दुरुस्त केलं. तीन रविवार गेले त्यात. आता ते पडवीत भिंतीला टेकवून ठेवलंय आणि मला एका जागी बसवत नाही. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून दोरी चाचपून आलो. दोरी आहे तशीच आहे. माझंच चित्त थाऱ्यावर नाही.

पळसदरीचं घर उतरवून स्लॅबचं बांधायचं ठरलं, तेव्हा चुलीवरचं सगळं खाली काढलं. तू गेल्याला अठरा वर्षं झाली, पण तुझ्यामागे तुझ्या सुनेनेही त्या धनुष्याला कांद्याच्या माळा नि बोंबलांच्या जुड्या टांगल्या. खोपोलीच्या बंगल्यातली ती परदेशी वस्तू, आणि तिला वास बोंबलांचा! रॉकेलने काजळी पुसली तर खाली तीन रंगांचं लाकूड निघालं. पातळ पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवलेल्या, वर काचेच्या धाग्यांचा थर, आणि मुठीच्या खाली कुणीतरी शाईने बारीक अक्षरात लिहिलेले लांबीचे नि ओढीचे आकडे. कारखान्यात पंचवीस वर्षं सुतारकाम केलं, पण असलं काम कधी हाताखालून गेलं नाही. एका टोकाचा थर सुटला होता. तिथे सरस भरला, सायकलची जुनी ट्यूब कापून वरून घट्ट गुंडाळली आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. चांभाराकडून मेणाचा दोरा आणला, त्याला पीळ दिला. इथवर सगळं नीट झालं, आणि मग मी माती खाल्ली. धनुष्य मुळातच एका बाजूला वाकलेलं होतं. मी त्याच बाकात दोरी चढवली.

घर उतरवायला ठाकूरवाडीतून एक म्हातारा यायचा. तो कौलं टाकून धावतच आला. "अरं मिस्त्री, उलटं चढवलंस रं! उतरव आदी, मोडंल."

त्याने दोरी काढली, धनुष्य मांडीखाली दाबून मूळ बाकाच्या उलट्या बाजूला वाकवलं आणि मग दोरी चढवली. त्याच्या वाडीतली धनुष्यं बांबूची, सरळसोट. असलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, तरी हाताला कळलं. ते पेलून पाहताना त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने ते या हातातून त्या हातात घेतलं. "हे डावऱ्याचं हाय. बान ठेवायची खाच बग, उजव्या अंगाला. तुज्या घरात कोन डावरं व्हतं?"

तू डोळ्यांसमोर आलीस. तू चुलीपुढे बसली आहेस, डाव्या हातावर भाकरी थापते आहेस, आणि आजी फुंकणीने तुझ्या मनगटावर मारते आहे, "हात बदल गं! डाव्या हाताचं कोन खानार?" तू हात बदलतेस आणि भाकरी फाटते. बंगल्यावर स्वयंपाकाला जायला लागलीस, तेव्हा एकदा संध्याकाळच्या गाडीने हसत घरी आलीस. म्हणालीस, "तितं मला कोनी हात बदल म्हनत नाय रं. मडमबी डावरीच हाय." त्यावर मी काय म्हणालो? भूक लागलीय, वाढ म्हणालो.

साहेब-मडम आपल्या देशी परत निघाले त्या आठवड्यात तू हे लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आणलंस. मी बावीस वर्षांचा, कारखान्यात नुकता चिकटलेला. अंगणात भावकी बसली होती. त्या सगळ्यांदेखत मी म्हणालो, "परत नेऊन दे. चोरीच्या वस्तूपायी माझी नोकरी जाईल."

"मला दिलंय तिनं."

"रांधणाऱ्या बाईला धनुष्य? कशापायी?"

तू ते उचलून आत नेलंस आणि चुलीवर टांगलंस. एवढ्या माणसांत आणि सासूपुढे कुठल्या तोंडाने सांगणार होतीस, की माझा हात डावा म्हणून दिलं? त्यानंतर तू कुणाच्या घरी कामाला गेली नाहीस. भावकीतल्या बायका तुला उसनी दिलेली भांडी मोजून परत घ्यायच्या, ते मला दिसायचं. मुठीचं चामडं अंगठ्यापाशी झिजलंय, आई. मडमच्या हाताने झिजलं, की तूही कधी बाण सोडलास? हे आता कुणाला विचारू?

परवा तुझ्या सुनेला म्हणालो, आईने चोरलं नव्हतं, ते मला आज कळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मी खोटं बोललो. हे पत्र तिलाही दाखवणार नाही, आणि तुला पाठवायला पत्ता नाही, म्हणून इथे लिहितो. अंगणात तुला बोललो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना मी बंगल्याच्या फाटकाशी थांबलो होतो. माळ्याला विचारलं. तो म्हणाला, "मडमनं सोताच्या हातानं दिलं की तुज्या आयला. मी तितंच व्हतो." संध्याकाळी तुला सांगू म्हटलं. संध्याकाळी लाज वाटली. त्यानंतर तू सात वर्षं जगलीस.