साहेबांच्या नावानं गेलेलं उत्तर

आण्णा, आपल्या माले गावच्या ओढ्यावरचा साकव झाला बरं का. सिमेंटचा आहे, दोन्ही बाजूंनी कठडा आहे. काल मी त्याच्यावरून चालत पलीकडे गेले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पहिलं तुम्हालाच सांगावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तुमच्यापासून तोंड लपवावंसंही वाटलं.

आमदारसाहेबांचा प्रचार तुम्ही आयुष्यभर चपला झिजवून केलात. पण मत मागायच्या आधी तुमची एक अट असायची. साहेबांनी देवळाच्या ओसरीवर गावाबरोबर सतरंजीवर बसायचं, लोकांनी एकेक गाऱ्हाणं मांडायचं आणि साहेबांनी सगळ्यांसमोर होय की नाही ते सांगून टाकायचं. आमदार झाला म्हणून खुर्ची नाही! ते नाही म्हणाले तरी तुम्ही रागवायचा नाहीत. "तोंडावर बोलला, बास झालं," म्हणायचात. मला हे सगळं तेव्हा अडाणीपणाचं वाटायचं. पौडला वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसात नोकरी लागली होती ना, दीडशहाणी झाले होते मी.

त्या विधानसभेला साहेबांची वेबसाइट आमच्याच ऑफिसनं केली. महाळुंग्याच्या नव्या सोसायट्यांत राहायला आलेले आयटीवाले काही सभेला येत नाहीत, त्यांना घरबसल्या गाठायचं, अशी कल्पना. त्यात 'साहेबांना विचारा' असं एक पान होतं. लोक प्रश्न टाकायचे आणि खाली साहेबांची सही लावलेलं उत्तर जायचं. साहेबांनी ते पान एकदाही उघडून बघितलं नाही. उत्तरं मी द्यायची, तीही आधीच तयार करून ठेवलेली.

एक दिवस तुम्ही ऑफिसात आलात आणि टोपी मांडीवर ठेवून माझ्या शेजारी बसलात. "आपल्या साकवाचं घाल की गं त्यात. पोरं कमरेएवढ्या पान्यातनं साळंला जात्यात म्हनावं." मी तुमच्या नावानं प्रश्न टाकला. तुम्ही गेल्यावर नेहमीचं उत्तर चिकटवलं, 'मी स्वतः लक्ष घालतो.' पण बाप आहे, जरा खूश होईल, म्हणून पदरचं एक वाक्य जोडलं. 'आण्णा, येत्या पावसाळ्याआधी साकव बांधून देतो, हा माझा शब्द.' काय अवदसा आठवली मला, देव जाणे!

रविवारी ते उत्तर कागदावर छापून घरी आणते. आई चुलीवर चहा टाकतेय. तुम्ही माझ्याकडून तो कागद दोनदा वाचून घेता.

"साहेब सोता लिवत्यात न्हवं?"

"व्हय," मी म्हणते.

मला वाटलं, कागद तुमच्या खिशात राहील. तुम्ही तो गावभर दाखवलात आणि त्या वर्षी ओसरीवरची बैठकच रद्द केलीत. "लेखी दिलंय त्या मानसानं. आता कशापायी हितं बसवायचं त्याला?" मालेत पाय न ठेवता साहेब निवडून आले. पावसाळा आला, साकव काही आला नाही. लोक येता-जाता विचारायला लागले, "आण्णा, कुटं हाय तुमचा साकव?" आधी तुम्ही हसण्यावारी नेलंत. मग देवळाकडं जाणंच सोडलंत. ज्या गावात तुमच्या शब्दावर मतं पडायची, त्या गावात तुम्ही मागच्या वाटेनं शेतावर जायला लागलात. मी बघत होते, आण्णा. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले आणि दिवाळीच्या तोंडावर तुम्ही गेलात.

दहाव्याला घरी माणसं बसली होती. तुमचे चुलतभाऊ म्हणाले, "आण्णा लई भोळा. त्याला कुनीबी फशिवलं असतं." मी शेजारीच होते. मी मान डोलावली.

कुणीबी नाही, आण्णा. मी फसवलं. आणि गावात हे अजून कुणालाही सांगितलेलं नाही.