डावीकडे ओढणारा कोट

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं पत्र बघितलं की तुझ्या पोटात गोळा येतो, म्हणून आधीच सांगतो, मी ठणठणीत आहे. पोट तेवढं सुटलंय. पण त्याबद्दल काही लिहायला नको. मागे माप घेताना तू टेप तोंडात धरून जी हसलीस, त्यात सगळं आलं.

काम असं की, मला माझं पदक हवंय. युद्धावरून आल्यावर तुझ्या शिलाई मशीनवर आपटलं होतं आणि मला कधी दिसणार नाही अशा जागी ठेव म्हणालो होतो, तेच.

होकायंत्राची मुलगी येतेय. आपला होकायंत्र, माझ्या विमानात मागे नकाशे घेऊन बसायचा, आणि सुट्टीत घरी आला की तुझ्या बटणांच्या डब्या रंगांप्रमाणे लावून द्यायचा. छर्रे लागले तरी तो मागून वाट सांगत राहिला, आणि चाकं टेकली तेव्हा गप्प झाला. विमान परत आणलं म्हणून पदक माझ्या छातीवर लागलं. तुला हे सगळं ठाऊक आहे ताई, पण मी आजवर स्वतःहून कुणाजवळ बोललो नाही, म्हणून लिहून बघतोय.

ती पोर तेव्हा आईच्या पोटात होती. आता शाळेत भूगोल शिकवते. ते पदक एकदा हातात घेऊन बघायचंय, एवढंच तिने लिहिलंय. मी ते तिला देऊनच टाकणार आहे. ती सव्वीस तारखेला येईल. रिकाम्या हातांनी मी तिच्यासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू?

तिच्यासाठी खोली आवरतोय. त्यात तू शिवलेला राखाडी कोटही निकालात काढला. इतके हिवाळे वापरला, पण डावीकडे ओढायचा तो ओढायचाच. एवढी नावाजलेली शिंपीण तू, आणि सख्ख्या भावाचा कोट चुकवलास!

भाचेमंडळींना गालगुच्चे. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
भुंगा

९ जानेवारी

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

पदकाची काळजी नको. ते सुखरूप आहे. म्हणजे, असावं.

आता मला सांग, कोट निकालात काढला म्हणजे नेमकं काय केलंस? कुणाला दिलास? विकलास? बोहारणीला घातलास? ज्याला दिला असशील त्याच्याकडून तो आजच्या आज परत घे. अस्तर उसवलेला कोट असा लोकांत फिरवणं मला आवडत नाही. त्यात माझी इभ्रत आहे.

इकडे सगळे मजेत. धाकटीचा नवरा चष्मा लावायला लागलाय, त्यामुळे आता त्याला स्वतःच्याच स्वयंपाकातले दोष दिसतात. दुकानात लग्नाच्या कपड्यांची झुंबड आहे. तरी मी हातातलं काम टाकून लिहितेय, यावरून काय ते समज.

उत्तर लगेच पाठव. माया आहे म्हणून बोलते, हे तुला माहीत आहेच.

तुझी,
ताई

१३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धन्य आहेस! मी विचारतोय पदकाचं, तू बसलीस कोट धरून. आणि ‘असावं’ म्हणजे काय? हरवलंस का? तसं असेल तर सरळ सांग. मी ओरडणार नाही. थोडं ओरडेन.

कोटाचं म्हणशील तर तो शेजारच्या दंतवैद्यांना दिला. पाखरं त्यांचे मटार खाऊन जातात म्हणून त्यांनी बुजगावणं उभं केलंय, त्याच्या अंगात घातलाय. छान दिसतो. बुजगावणंसुद्धा डावीकडे कललंय, म्हणजे दोष माझ्या खांद्यांत नव्हता हे आता सिद्ध झालं.

पदकाचं लिही ताई. रात्री झोप नीट लागत नाही. त्या मुलीशी काय बोलायचं याची मी आरशासमोर तालीम करतो, आणि पहिल्याच वाक्याला अडतो. हातात द्यायला निदान ते पदक असलं तर बोलावं लागणार नाही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
भुंगा

१७ जानेवारी

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून झालं की कात्री घे आणि मटारात जा. नाही, आधी जा, मग वाच!

कोटाच्या डाव्या बाजूची खालची दुमड उसव. आत फ्लॅनेलच्या पिशवीत तुझं पदक आहे. कोट नीट पडावा म्हणून आम्ही दुमडीत वजन घालतो, तसं मी ते घातलं होतं. दुसऱ्या बाजूलाही तेवढंच वजन घालायला हवं होतं, हे काय मला कळत नव्हतं? पण त्या तोलाचं दुसरं काही मला घालावंसं वाटलं नाही.

तू म्हणालास, मला दिसणार नाही अशा जागी ठेव. पेटीत टाकून कुलूप लावणं सोपं होतं. पण तेव्हा तू जेवत नव्हतास, खिडकीशी बसून असायचास, आणि दार वाजलं की दचकायचास. मला फार भीती वाटायची रे. ते पदक तुला नकोसं होतं, मला नव्हतं. होकायंत्राने वाट दाखवली म्हणून माझा भाऊ घरी आला. त्याची आठवण पेटीत कोंडून ठेवायला माझा हात होईना. म्हणून ती तुझ्याच अंगावर शिवली.

आणि इतकी वर्षं माझ्या शिवणाला नावं ठेवलीस, तीही ऐकून घेतली! चारचौघांत! जावयांसमोर!

विमान उडवल्याचं पदक, आणि त्याने पाखरं हाकलतोयस. पळ आता.

काळजीत असलेली,
ताई

२९ जानेवारी

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र उभ्या उभ्या वाचलं आणि चपला न घालता कुंपणावरून गेलो. या वयात कुंपण ओलांडायचं म्हणजे काय, ते माझ्या पायजम्याला विचार. दंतवैद्यांना वाटलं, माझी दाढ ठणकतेय. कोटातलं काढायचंय म्हटल्यावर ते आपलं दात कोरायचं हत्यार घेऊन आले आणि तुझा एकेक टाका त्यांनी असा अलगद उचलला की काय सांगू. दुखलं तर सांगा, असं सवयीने बुजगावण्याला बजावलंही. तुझ्या शिवणाची त्यांनी फार तारीफ केली. मीही मान डोलावली. झालं समाधान?

पिशवी हातात आली, आणि मी तिथेच मटारात फतकल मारून रडलो. दंतवैद्य बिचारे शेजारी बसून शेंगा सोलत राहिले.

मुलगी सव्वीसला आली. दारात उभी राहिली तर हुबेहूब तोच, फक्त वेणी घातलेला. पदक तिच्या हातात ठेवलं आणि गप्प राहायचं ठरवलं होतं, पण तिने बापाचा आवाज कसा होता म्हणून विचारलं. मग काय, मी जो सुटलो तो संध्याकाळपर्यंत थांबलो नाही. बटणांच्या डब्यांचं सांगितलं, ती खूप हसली. शेवटच्या उड्डाणाचंही सांगितलं. मी घाबरून विमान सारखं उजवीकडे नेत होतो, आणि तो मागून म्हणत होता की डावीकडे घे, गाढवा, जरा डावीकडे. अगदी शेवटपर्यंत. हे सांगताना मलाच एकदम तुझा कोट आठवला. तिने माझा हात धरून ठेवला.

पदक ती घेऊन गेली. पिशवीही मागून घेतली. तिच्यावर तुझे टाके आहेत म्हणून.

कोट मी परत आणलाय. दंतवैद्यांना बदली माझा जुना रेनकोट दिला. आता तुझा कोट दोन्ही बाजूंनी अगदी सरळ पडतो, आणि ताई, तो घालून मला चालताच येत नाही. काल कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलो आणि परत आलो.

सोबत कोट पार्सलने पाठवतोय. डाव्या दुमडीत काहीतरी घालून दे. काय घातलंस ते सांगू नकोस.

वाट बघतो. आजवर सांभाळलंस, तसंच पुढेही सांभाळ.

तुझा,
भुंगा