हिरव्या बांगडीचा मणी

काटेवाडी, शुक्रवार संध्याकाळ

मामंजी गेल्यावर सासूबाईंनी हिरव्या बांगड्या उतरवून डब्यात ठेवल्या होत्या. आज सकाळी त्यातली एक माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "ह्याचा मणी व्हईल का गं?"

गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीवर काच वितळवून मणी करणं माझं रोजचंच काम. तरी पहिला मणी गार होताना तडकला. त्यांनी लगेच दुसरी बांगडी पुढं केली. हा मणी मी राखेत सावकाश निवू दिला. हिरवागार निघाला.

तो दोऱ्यात ओवून, गळ्यात घालूनच त्या डेअरीवर आल्या. शेजारच्या काकूंनी विचारलंच, "आता हिरवं कशाला?" दुधाची किटली धरून मी मागं उभी होते.

सासूबाई म्हणाल्या, "मला आवडतंय म्हणून."