जबर

८ फेब्रुवारी १९६३, जानेफळ
विसरली का वहीबाई मले? पंधरा दिवस फडताळात लोळत होती, अन् आता कोरं तोंड करून पाह्यते — हे बुढी कोण म्हणून! मी जनका. अक्षर येत नाही मले. बोलते मी, लिहिते सून पुष्पा. मागं मी लेकाले चांगली शिवी देल्ली, तं ह्या बाईनं 'रागावल्या' लिहिलं! नात आशीनं वाचून दाखवलं तवा कळलं.
आज गोष्ट वाईट हाय. पंजाबनं, माझ्या लेकानं, आशीचं लग्न काढलं. खामगावचा माणूस, दुधाचा धंदा, पहिली बायको मेलेली. आशी म्हणे, "बाबा, मले परीक्षा देऊ द्या. मास्तरीण व्हायचं हाय." एक थापड! ओट्यावर शेजारचे शेषराव बसले होते. म्हणाले, "बाप असा जबर पाहिजे."
थांबू नको पुष्पे. लिही.

१० फेब्रुवारी
तो शब्द कानातून निघत नाही. जबर. बैल जबर. पाणी जबर पडलं. माझा नवरा — तो बी जबर! त्यानं ढकललं अन् माझं मनगट मोडलं, तवा जावा विचारत होत्या, "जबर लागलं का वं?" मारते तो जबर, अन् लागते ते बी जबर. एका शब्दात दोघं कसे मावतात?
अन् त्याच्यावर रागावून मी दोन दिवस जेवली नाही, तवा मी कोण झाली? हट्टी!

११ फेब्रुवारी
पंजाबले म्हटलं, पोरीवर जबरदस्ती नको करू बे. हसला. "माय, जबरदस्ती चोर करते. बाप करते त्याले जबाबदारी म्हणतात."
शिकलेला हाय ना!

१४ फेब्रुवारी
पाहुणे आले. नवरदेवाची माय, रुखमाबाई, माझ्याजवळ सरकून बसली. "पोरगी कशी हाय हो?" मनात म्हटलं, भेव दाखवते आता हिले. म्हटलं, "बाई, पोट्टी लय जबर हाय!" पुढं सांगणार होती — कोणाचं ऐकत नाही, उलटून बोलते — तं ते बाई मांडीवर थाप मारून उठलीच. "आमाले जबरच पाहिजे! बारा म्हशी हायेत. पहिलीच्या अंगात जीवच नव्हता."
नव्हता, का तुमीच काढला, ते नाही विचारलं मी. सुपारी फुटली. माझ्याच शब्दावर फुटली! जीभ जळो माझी.

१५ फेब्रुवारी
आशी माझ्यासंग बोलत नाही. पुष्पाले विचारलं, तू तिची माय, तुले काय वाटते?
तिनं मान खाली घालून हे बी लिहून घेतलं.

२१ फेब्रुवारी, धामणगाव बढे
अक्षर बदललं, दिसलं का? आशी लिहून राह्यली. आम्ही माझ्या भावाच्या घरी हाओत, दयारामकडं. पंजाब बाजाराले गेला तवा पुष्पानंच दोघींले मोटारीत बसवलं, अन् आशीच्या हातात शाळेचा दाखला ठेवला. कवा काढून आणला होता, कोण जाणे!
पंजाबचा निरोप आला — "मायले म्हणा, तिकडंच मर." बरं.
दयाराम उद्या जानेफळले जाते. पुष्पाले निरोप, गुपचूप: कैरीचं लोणचं धाड. वाटीभर नको — बरणीच धाड.